वेगळ्या खोल्या, एक नाटक

इंटरनेटवरची हौशी ध्वनिनाट्यं ऐकताना सहसा लक्षात येत नाही, पण त्यांतली बरीचशी भांडणं एकेकट्याने केलेली असतात. दोन पात्रं कडाकडा भांडतात, एकाचा गळा भरून येतो, दुसरं नरमतं. आणि ती वठवणारे नट एकमेकांशी कधी एक शब्दही बोललेले नसतात. एकीने आपली वाक्यं मार्चमध्ये कॅनडातल्या घरी कपड्यांच्या कपाटात उभं राहून म्हटलेली असतात. दुसऱ्याने मेमध्ये, इंग्लंडात, डोक्यावरून पांघरूण घेऊन. दोघांच्या फाइली कुणा तिसऱ्याकडे जातात, तो नोकरी सांभाळून रात्री त्या जोडत बसतो, आणि ऐकणाऱ्याला भांडण ऐकू येतं.

ही पद्धत रुळून आता वीसेक वर्षं झाली. तिच्याभोवतीचा प्रश्नही तेवढाच जुना आहे. हे लोक खरोखर मिळून काम करतात, की आपापलं काम करून मोकळे होतात आणि ती कामं मागाहून एकत्र येतात? व्यावसायिक स्टुडिओत हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. काम झालं, मानधन मिळालं, विषय संपला. हौशी कामात मात्र पैसा नसतो. वेळ घालणाऱ्याच्या पदरात जे पडतं त्यात ‘आपण सगळ्यांनी मिळून एक नाटक केलं’ हे समाधान मोठं असतं. ते समाधान कितपत खरं, हे तपासून पाहण्याजोगं आहे.

एका खोलीतलं नाटक

१५ जानेवारी १९२४ रोजी बीबीसीने रिचर्ड ह्यूजचं ‘अ कॉमेडी ऑफ डेंजर’ प्रसारित केलं. खास रेडिओसाठी लिहिलेल्या पहिल्या नाटकांत त्याची गणना होते. कोळशाच्या खाणीत दिवे जातात आणि आत आलेली माणसं अंधारात अडकतात, असं कथानक. श्रोत्याला दिसत नाही ते पात्रांनाही दिसू नये, ही ह्यूजची युक्ती. पण स्टुडिओतले नट अंधारात नव्हते; ते एकमेकांना पाहत होते. पुढची कित्येक दशकं रेडिओ-नाटक म्हणजे श्रोत्यापुरतं अदृश्य आणि करणाऱ्यांसाठी अगदी समोरासमोरचं, असंच राहिलं.

मराठी श्रोत्याला ही पद्धत आकाशवाणीच्या श्रुतिका आणि नभोनाट्यांमुळे परिचयाची आहे. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी, म्हणजे प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर, यांची लज्जत एकमेकांची वाक्यं झेलण्यात होती. भावजींचा टोमणा पुरता संपायच्या आत वहिनी त्यावर स्वार व्हायच्या. हे टायमिंग संहितेत लिहिता येत नाही. माइकभोवती उभं राहून, पान उलटल्याचा आवाज होऊ न देता, समोरच्याचा श्वास पाहून ते जमवावं लागतं. दूर गेल्याचा आभास हवा असेल तर नट खरोखर दोन पावलं मागे सरकायचा. एकजण चुकला की टेक सगळ्यांचाच जायचा.

हौशी मंडळींनीही आधी हीच वाट धरली. ब्रिटनमध्ये ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांनी १९८४ ते १९९१ या काळात ‘ऑडिओ व्हिज्युअल्स’ नावाने कॅसेटवर नाटकं काढली. त्यांतले निकोलस ब्रिग्ज, गॅरी रसेल यांच्यासारखे लोक पुढे ‘बिग फिनिश’ या व्यावसायिक निर्मितिसंस्थेत आले आणि १९९९पासून त्यांनी मालिकेच्या मूळ नटांना घेऊन अधिकृत ‘डॉक्टर हू’ ध्वनिनाट्यं सुरू केली. कॅसेटच्या काळातल्या हौशी संचाची मर्यादा साधी होती: जो ठरल्या दिवशी ठरल्या जागी येऊ शकतो, तोच नट.

संच विखुरला

ही मर्यादा काही वर्षांतच गळून पडली. ध्वनिसंपादनाचं मोफत सॉफ्टवेअर ऑडॅसिटी २०००मध्ये आलं, स्काइप २००३मध्ये. २००५मध्ये बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातून ‘फ्रीसाउंड’ हे ध्वनींचं खुलं भांडार सुरू झालं, त्यामुळे दाराची करकर आणि पावसाची सर घरबसल्या मिळू लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॉन्ट्रिअलच्या ह्यू मॅग्वायरने ‘लिब्रिवॉक्स’ सुरू केलं. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं स्वयंसेवकांनी वाचायची आणि ध्वनिमुद्रणं सगळ्यांसाठी मुक्त ठेवायची, ही त्यामागची कल्पना. पुस्तकांपाठोपाठ तिथे नाटकंही आली. अमेरिकेत ‘पेंडंट प्रॉडक्शन्स’सारख्या गटांनी याच सुमारास सगळा संच इंटरनेटवरून जमवून नव्या संहितांच्या मालिका काढायला सुरुवात केली.

काम कसं चालतं ते जवळून पाहिलं की वाद नेमका कशाचा ते कळतं. लिब्रिवॉक्सवर नाटकातली भूमिका घेणारा माणूस एका अंकातली आपल्या पात्राची सगळी वाक्यं एकापाठोपाठ एक म्हणतो, दोन वाक्यांत काही सेकंद मोकळे सोडतो, आणि अंकाची एक फाइल पाठवतो. समोरच्या पात्राचं वाक्य तो मनात वाचतो. सगळ्यांच्या फाइली आल्या की संपादक त्या कापून क्रमाने लावतो. मग आणखी एक स्वयंसेवक पुस्तक समोर ठेवून ते ऐकतो आणि गाळलेलं वाक्य, दोनदा आलेला शब्द, मागचा खडखडाट टिपून देतो. अभिनय बरा की वाईट हे तो सांगत नाही. मत मागितल्याशिवाय कुणाच्या वाचनावर टीका करायची नाही, असा तिथला रिवाज आहे. हा उदारपणा मला लिब्रिवॉक्सचं मोठं बळ वाटतो. मात्र नाटकाच्या बाबतीत त्याची किंमतही मोजावी लागते.

नव्या मालिकांमध्ये रीत थोडी वेगळी. नट प्रत्येक वाक्य दोन-तीन तऱ्हांनी म्हणून पाठवतो आणि दिग्दर्शक त्यांतून निवडतो. संहितेत वाक्य अर्ध्यावर तोडलेलं असेल, म्हणजे दुसऱ्याने मध्येच बोलायचं असेल, तर जाणता नट तिथे थांबत नाही. तो वाक्य मनाने पूर्ण करून पुढचे चार शब्द म्हणतो, म्हणजे संपादकाला कात्री लावायला जागा मिळते. नवखा नट लिहिलंय तिथेच थांबतो, आणि मग ऐकताना असं वाटतं की पात्राला कुणी अडवलं नाही, ते आपणहूनच गप्प झालं. दुसरी ठरलेली अडचण आवाजाच्या पट्टीची. वादळात ओरडणारा कप्तान रात्री अकरा वाजता फ्लॅटमध्ये ध्वनिमुद्रण करत असतो आणि भिंतीपलीकडे शेजारी झोपलेले असतात. तो ओरडण्याचं सोंग करतो. संपादक त्याचा आवाज हवा तितका मोठा करू शकतो. पण मोठी केलेली कुजबुज ही आरोळी होत नाही.

ऑस्कर वाइल्डच्या १८९५च्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ या नाटकाची लिब्रिवॉक्सवर नाट्यवाचनं झाली आहेत. त्याच्या तिसऱ्या अंकात एक मोठी अवघड जागा आहे. ग्वेंडोलेन आणि सेसिली या दोघींनी एकच वाक्य एकाच वेळी म्हणायचं आहे, आणि रंगसूचना सांगते की ग्वेंडोलेन बोट वर करून ताल देते. पाठोपाठ दोन्ही पुरुषही एका सुरात उत्तर देतात. रंगभूमीवर ते उंचावलेलं बोट पुरेसं असतं. वेगळ्या खोल्यांतून आलेल्या दोन फाइलींत बोट नसतं. एकीने वाक्य सावकाश तोललेलं, दुसरीने झपाट्याने उरकलेलं. संपादक शब्दाशब्दावर कापतो, मधल्या जागा आवळतो, सैल करतो, आणि दहा-अकरा शब्दांच्या त्या वाक्यावर त्याची अख्खी संध्याकाळ जाऊ शकते. ते वाक्य शेवटी एका सुरात ऐकू आलं, तर ते कुणी मिळून म्हटलं? दोन्ही बाजूंचे लोक या एकाच वाक्याकडे बोट दाखवू शकतील.

‘हे मिळून केलेलं काम नव्हे’

पहिली बाजू रंगभूमीच्या अनुभवातून येते. अभिनय म्हणजे आधी ऐकणं, मग बोलणं, असं नाटकवाले सांगत आले आहेत. समोरच्याने आज वाक्य जरा कडवट म्हटलं तर माझं उत्तर आज वेगळं पडतं, आणि मी आज वेगळा पडलो म्हणून त्याचं पुढचं वाक्यही बदलतं. ही देवघेव नसेल तर उरतं ते अंदाजाने बोललेलं संभाषण. समोरची व्यक्ती अशी बोलेल असं गृहीत धरून प्रत्येक नट आपलं वाक्य म्हणतो, आणि अंदाज चुकू नये म्हणून मधल्या, कुठेही बसेल अशा पट्टीत म्हणतो. एकेकट्याने केलेल्या ध्वनिनाट्यांत सगळी पात्रं सारख्याच सौम्य तीव्रतेने बोलतात, ही तक्रार नेहमी ऐकू येते, तिचं मूळ इथे आहे.

या बाजूचा दुसरा मुद्दा असा, की परिणाम एकसंध आहे एवढ्यावरून काम एकत्र झालं असं ठरत नाही. १९९१मध्ये नॅटली कोलने आपल्या वडिलांबरोबर ‘अनफरगेटेबल’ हे युगुलगीत गायलं. नॅट किंग कोल १९६५मध्येच वारले होते. त्यांचा आवाज जुन्या ध्वनिमुद्रणातून घेतला होता. गाणं कानाला निर्दोष वाटतं. पण बापलेकींनी मिळून ते केलं असं कुणी म्हणणार नाही. मुलीने केलं, वडिलांच्या आवाजासोबत केलं. वेगळ्या खोल्यांतला नट आपल्या सहनटाच्या दृष्टीने बऱ्याचदा याच अवस्थेत असतो.

व्यवसायातले काही लोक स्वतःहून या बाजूला झुकलेले दिसतात. अ‍ॅनिमेशनपटांत नटांनी एकेकट्याने आवाज देणं सर्रास चालतं. तरी ‘फँटॅस्टिक मिस्टर फॉक्स’साठी (२००९) वेस अँडरसनने नटांना शेतावर नेऊन एकत्र ध्वनिमुद्रण केलं, आणि ‘रँगो’साठी (२०११) गोर व्हर्बिन्स्कीने सगळ्या संचाकडून वावरत-धडपडत प्रसंग करून घेतले. वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागणार हे ठाऊक असूनही त्यांनी ही वाट धरली, याची नोंद घ्यायला हवी.

‘सहकार्य फक्त माइकसमोर नसतं’

दुसरी बाजू म्हणते, तुम्ही चुकीच्या ठिकाणी शोधता आहात. चित्रपटात क्लोज-अप देताना समोरचा नट कधीकधी सेटवरसुद्धा नसतो. वाक्य सहायक दिग्दर्शक वाचतो. हिंदी चित्रपटांतली युगुलगीतं पूर्वी दोन्ही गायक आणि वाद्यमेळ एकाच वेळी उभे राहून व्हायची. आता गायक वेगवेगळ्या दिवशी येऊन आपापली ओळ गाऊन जातात. म्हणून ती गाणी सामूहिक निर्मिती नव्हेत, असं आपण म्हणत नाही. ध्वनिनाट्यातलं सहकार्य संहितेत आहे, निवडीत आहे, आणि सगळ्यात जास्त संपादनात आहे.

या बाजूला सर्वांत भारदस्त आधार एका पियानोवादकाचा मिळतो. ग्लेन गुल्डने १९६४मध्ये जाहीर मैफली सोडल्या आणि ध्वनिमुद्रणालाच स्वतंत्र कला मानून तो स्टुडिओत रमला. डिसेंबर १९६७मध्ये कॅनडाच्या सीबीसी रेडिओने त्याचं ‘द आयडिया ऑफ नॉर्थ’ प्रसारित केलं. देशाच्या उत्तर टोकाशी नातं असलेल्या पाच माणसांशी गुल्डने वेगवेगळं बोलून घेतलं होतं. ती आपापसांत बोललीच नव्हती. त्याने त्यांचे आवाज फ्यूग या पाश्चात्य संगीतप्रकाराच्या धर्तीवर एकमेकांत विणले, एक बोलत असतानाच दुसरा चढवला, खाली रेल्वेचा आवाज ठेवला, आणि एका गाडीत चाललेल्या गप्पांचा भास निर्माण झाला. आवाज एकत्र येण्यासाठी माणसं एकत्र यावी लागत नाहीत, याचा इतका देखणा दाखला दुसरा मिळणं अवघड. मात्र त्या पाच जणांनी गुल्डबरोबर काम केलं, की गुल्डने त्यांच्यावर काम केलं, हा प्रश्न या उदाहरणाने सुटत नाही. उलट तो जास्त टोकदार होतो.

मालिका लिहिणाऱ्यांचा अनुभव या बाजूला अधिक बळ देतो. तिसऱ्या भागात एखाद्या नटाने किरकोळ पात्राला अनपेक्षित खट्याळपणा दिला, तो लेखकाने ऐकला, आणि सहाव्या भागात त्या पात्राचं काम वाढलं. दोघांत एकही बैठक झालेली नसते. तरी नटाने दिलेलं लेखकाने घेतलं आणि लेखकाने दिलेलं नटाने. हे सावकाश चालतं, आठवड्या-महिन्यांच्या अंतराने. पण देवघेव सावकाश आहे म्हणून ती देवघेव नाही, असं म्हणता येईल का?

कामाची वीण

वाद इथेच अडला असता, तर तो ‘मला वाटतं’ आणि ‘मला नाही वाटत’ यापुढे गेला नसता. संघटनांचा अभ्यास करणाऱ्यांनी त्याला थोडी शिस्त दिली आहे, जरी त्यांच्यासमोर ध्वनिनाट्यं नव्हती.

जेम्स थॉम्प्सनने १९६७च्या ‘ऑर्गनायझेशन्स इन अ‍ॅक्शन’ या पुस्तकात कामातल्या परस्परावलंबनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर प्रत्येकजण आपलं काम करतो आणि ते एका ठिकाणी जमा होतं. आपली अंगतपंगत असते तसं: प्रत्येकीने आपला डबा आणला, पंगत झाली. दुसऱ्या पायरीवर एकाचं काम संपल्यावर ते दुसऱ्याच्या हातात जातं, आणि वाट एकाच दिशेची असते. तिसऱ्या पायरीवर काम परत येतं. माझं तुझ्याकडे, तुझं माझ्याकडे, आणि दर खेपेला ते बदलतं.

या चौकटीत बसवलं की हौशी ध्वनिनाट्याचा एकच एक प्रकार नाही हे दिसतं. लिब्रिवॉक्सचं नाट्यवाचन पहिल्या दोन पायऱ्यांवर चालतं: फाइली जमा होतात, मग संपादकाकडे जातात. चूक दुरुस्त करण्यापुरत्या त्या परत येतात, अभिनय बदलण्यासाठी क्वचितच. दिग्दर्शक असलेली मालिका तिसऱ्या पायरीवर जाऊ शकते. ‘तुझ्या उत्तराआधी ती रडलेली आहे, हे ऐक आणि पुन्हा म्हण’ असं सांगून समोरच्याची फाइल नटाला पाठवली, की अंतर तेवढंच राहूनही काम बदलतं. दुसरा नट आता अंदाजाने बोलत नाही. उलट दिशेनेही हे खरं आहे. एकाच खोलीत बसलेला पण वाक्यं उरकून घरी पळणारा संच पहिल्या पायरीवरच राहतो. असे संच आपल्याकडे प्रत्यक्ष रंगभूमीवरही दिसतात.

गॅरी आणि ज्युडिथ ऑल्सन यांचा २०००मधला ‘डिस्टन्स मॅटर्स’ हा निबंध नाव वाचून पहिल्या बाजूचा वाटतो. त्यांचं म्हणणं मात्र अधिक तपशिलाचं आहे. दूर राहून काम जमेल की नाही हे त्यांच्या मते चार गोष्टींवर ठरतं: माणसांत समान समज किती, कामं एकमेकांत किती घट्ट गुंतलेली, सहकार्याची तयारी किती आणि तंत्राची सवय किती. सैल गुंफलेली कामं दूरवरून निभतात. घट्ट गुंफलेली अडखळतात. नाटकाला हे लावलं तर एकाच संहितेत दोन्ही प्रकार सापडतात. पत्रवाचन, स्वगत, निवेदन सैल. भांडण, प्रेमप्रसंग आणि विशेषतः विनोद घट्ट. ‘समान समज’ ही बाब तर फार साध्या ठिकाणी उघडी पडते. कल्पित ग्रहाचं नाव चार नटांनी चार तऱ्हांनी उच्चारलेलं असतं, कारण ते सांगायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

२०२०च्या टाळेबंदीत हा सगळा वाद अचानक व्यावसायिकांच्या दारी आला. १ जानेवारी १९५१पासून देशभर ऐकली जाणारी बीबीसीची ‘द आर्चर्स’ ही मालिका मे २०२०च्या अखेरीस नव्या रूपात परतली: नटांनी घरून ध्वनिमुद्रित केलेली मनोगतं, नेहमीचे संवाद नाहीत. बऱ्याच श्रोत्यांनी नापसंती दाखवली. निर्मात्यांचा निर्णय मला अर्थपूर्ण वाटतो. घरून घट्ट प्रसंग नीट होणार नाहीत हे ओळखून त्यांनी संहिताच सैल केली. ‘बिग फिनिश’नेही त्याच वर्षी नटांना घरून जोडलं, पण संवाद सोडले नाहीत. नटांच्या कानात एकमेकांचे आवाज होते.

तारेतला उशीर

यावरून कुणी म्हणेल, मग सगळ्यांनी कॉलवर एकत्र यावं आणि प्रत्येकाने आपल्या संगणकावर स्वच्छ ध्वनिमुद्रण करावं, प्रश्न मिटला. बरेच हौशी गट आता असं करतात, आणि एकेकट्या फाइलींपेक्षा हे कितीतरी पुढचं पाऊल आहे. पण भौतिकशास्त्र थोडी जागा अडवून बसतं. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सरळ तार असती तरी आवाज पोचायला ६० मिलिसेकंदांहून जास्त, आणि उत्तर परत यायला तेवढेच. प्रत्यक्षात तार वळणावळणाने जाते आणि संगणकांचा वेळ वर पडतो.

याउलट माणसांच्या बोलण्याचा वेग पाहा. २००९मध्ये दहा भाषांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास असतं. तारेचा उशीर याच मापाचा असल्याने साधा संवाद कॉलवर निभतो, फक्त जरा शिष्ट वाटतो, आणि मधल्या मोकळ्या जागा संपादक आवळू शकतो. पण एकमेकांवर चढणं, एका सुरात बोलणं, टाळीला टाळी देणं जमत नाही. वादकांना तर याहून कडक मर्यादा लागते. साधारण २५-३० मिलिसेकंदांपलीकडे ताल घसरू लागतो. म्हणूनच संगीतकार एरिक व्हिटाकरने २०१०मध्ये १२ देशांतल्या १८५ गायकांचा आंतरजालावरचा समूहगान-प्रयोग केला तेव्हा कुणी एकत्र गायलं नाही. प्रत्येकाने त्याचे हातवारे चित्रफितीवर पाहत एकेकट्याने गायलं. वाइल्डच्या नाटकातलं ते उंचावलेलं बोट तिथे निदान पडद्यावर तरी होतं.

वेळेचा फरक हा आणखी एक कमी काव्यमय अडथळा. पुणे, लंडन आणि टोरांटो यांना सोयीची एकच वेळ शोधायची तर कुणालातरी पहाटे उठून प्रणयप्रसंग करावा लागतो.

हौसेचं अर्थशास्त्र

मोबदल्याविना जगभर विखुरलेल्या लोकांनी मिळून मोठ्या गोष्टी कशा उभ्या केल्या, याची मांडणी योखाय बेंकलरने २००२च्या एका गाजलेल्या निबंधात आणि मग ‘द वेल्थ ऑफ नेटवर्क्स’ (२००६) या ग्रंथात केली. काम सुट्या भागांत तोडता यावं, ते भाग लहान असावेत, आणि ते पुन्हा जोडण्याचा खर्च कमी असावा, अशा त्याच्या अटी. ध्वनिनाट्य पहिल्या दोन अटी सहज पुरवतं. एका पात्राची दहा वाक्यं म्हणायला अर्धा तास पुरतो. तिसऱ्या अटीवर मात्र ते नापास होतं. जोडणीचा सगळा भार एकदोघांवर येतो. पंधरा खोल्यांचे पंधरा घुमारे, कुणाचा पंखा, कुणाचा कुत्रा, कुणाचा माइक तोंडात घातल्यासारखा जवळ. हे सारं एका जागी घडतंय असं भासवण्यात संपादकाचे महिने जातात. हौशी मालिका अर्ध्यावर बंद पडतात तेव्हा कारण पुष्कळदा इथे असतं. नट कंटाळत नाही, संपादक थकतो.

दुसरं कारण गळती. मानधन नाही, करार नाही, समोर येऊन कुणी विचारत नाही, त्यामुळे सातव्या भागात नायक उत्तर द्यायचंच थांबवतो. त्याच्या जागी दुसरा आवाज आणायचा की पात्र प्रवासाला पाठवायचं, हे लेखक ठरवतो. गावातल्या हौशी मंडळातही माणसं गळतात; पण तिथे बाजारात गाठ पडते, दोन शब्द बोलले जातात आणि निम्मी परत येतात. विखुरलेल्या संचात ही भीड नसते. काही गट म्हणूनच डिस्कॉर्डवर कामाखेरीजच्या गप्पांसाठी वेगळी जागा ठेवतात. पहिल्या बाजूच्या लोकांना त्या गप्पा कामाचा भाग वाटत नाहीत. माझ्या मते संहितेच्या पहिल्या वाचनाआधीचा चहा जितका कामाचा भाग, तितक्याच याही.

काय उरतं

काही प्रश्न खुले आहेत आणि लवकर सुटतील असं दिसत नाही. श्रोत्याला फरक खरंच कळतो का? करणारे छातीठोकपणे ‘कळतो’ म्हणतात. पण एकच प्रसंग दोन्ही पद्धतींनी करून, कोणता कसा केला हे न सांगता ऐकवल्याशिवाय त्या म्हणण्याला वजन येणार नाही. श्रेय कुणाचं, हेही ठरलेलं नाही. ग्वेंडोलेन आणि सेसिलीचं ते एका सुरातलं वाक्य ज्याने घडवलं त्याचं नाव यादीत शेवटी येतं, आणि श्रोता तोवर थांबत नाही. शिवाय आता संगणकाने घडवलेले आवाज आले आहेत. लिब्रिवॉक्सने ‘वाचणारा माणूसच हवा’ ही भूमिका ठेवली आहे. इतर गटांपुढे मात्र पेच आहे: सहनटाचा आवाज मला ऐकायला मिळतच नसेल, तर तो माणसाचा आहे की यंत्राचा याने माझ्या कामात काय फरक पडतो? ज्या गटात ‘काहीच नाही’ असं उत्तर येईल, त्या गटात पहिल्या बाजूचं म्हणणं खरं ठरलेलं असेल.

दोन्ही बाजू तोलून मला वाटतं ते असं. एकत्र काम झालं की नाही हे खोली एक होती की दहा यावर ठरवू नये. एकाचं काम ऐकून दुसऱ्याला आपलं बदलण्याची संधी होती का, एवढंच पाहावं. ती संधी असेल तर सहा महिन्यांच्या अंतराने केलेलं नाटकही मिळून केलेलं आहे. नसेल तर ते एका संपादकाचं नाटक आहे आणि बाकीच्यांनी त्याला आवाज पुरवले आहेत. या दुसऱ्या प्रकारात कमीपणा काही नाही, ‘द आयडिया ऑफ नॉर्थ’ त्याच जातीचं आहे; फक्त ते तसं आहे हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असावं.

पुण्यापासून सिंगापूर-न्यू जर्सीपर्यंत पांगलेली मराठी मित्रमंडळी असं काही करायला घेणार असतील, त्यांना एक विनंती. ध्वनिपरिणाम आणि संगीत चढवण्याआधी नुसत्या आवाजांची कच्ची जोडणी करून ती सगळ्या नटांना ऐकवा, आणि ज्याला आपली वाक्यं पुन्हा म्हणावीशी वाटतील त्याच्यासाठी वेळापत्रकात एक आठवडा मोकळा ठेवा. संपादकाचं काम त्याने वाढेल. म्हणून संपादक दोन घ्या.